आषाढातला घरचा दिवस आणि दोन लहान मुले: कसे जमवावे?

प्रश्न: खळ्यातली आई (देवगड तालुका)

नमस्कार. आमचे घर देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला उतारावर आहे. घरात साडेचार वर्षांची मुलगी, १६ महिन्यांचा मुलगा, सासूबाई, सासरे आणि मी अशी माणसे आहोत. यजमान गोव्यात नोकरीला असून शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे निघतात. उन्हाळ्यापर्यंत दिवस कसा सरला ते कळलेही नाही, कारण मुलगी सकाळी अंगणवाडीत आणि संध्याकाळी खळ्यात (अंगणात) खेळायची, आणि धाकटा तेव्हा रांगतच होता. आता लावणी सुरू झाल्यापासून सासूबाई उजाडताच शेतावर जातात आणि त्या परत येईपर्यंत घर, स्वयंपाक आणि दोन्ही मुले माझ्याकडे असतात. अंगणवाडीच्या वाटेवरचा व्हाळ (ओढा) भरला की मुलगी घरीच राहते, आणि या तरण्या पावसात (पुनर्वसू नक्षत्राच्या) तो बहुतेक रोजच भरतो आहे.

सर्वांत अडचणीची बाब म्हणजे दोघांच्या झोपेच्या वेळा. धाकटा दहाच्या सुमारास झोपतो, तेव्हा मुलगी पूर्ण ताजीतवानी असते आणि नेमका तोच माझा स्वयंपाकाचा वेळ असतो. जेवण झाल्यावर एकच्या पुढे मुलीचे डोळे मिटू लागतात, तर हा तेव्हा उठून घरभर चालत असतो, तिच्या अंगावर चढतो आणि तिला उठवतो. मग अपुऱ्या झोपेने ती चारपासून किरकिर करते, आणि पाच ते सात हे दोन तास इतके कठीण जातात की तेवढ्यापुरता मोबाईल दोघांच्या पुढ्यात ठेवण्याची सवय लागली आहे. आमच्याकडे रेंज ओटीच्या एका कोपऱ्यातच येते, त्यामुळे दोन्ही मुले तिथे भिंतीला टेकून बसलेली असतात आणि वीज गेली व बॅटरी संपली की रडारड सुरू होते.

बाहेर सोडावे तर खळ्यातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरले आहे, आणि मागील दारी विहीर आहे. विहिरीला कठडा आहे, पण तो माझ्या गुडघ्याच्या थोडा वर, एवढाच. पडवीला झापे (नारळाच्या झावळ्यांचे तट्टे) लावल्यामुळे तिथे दिवसाही अंधार असतो. सासरे दिवसभर ओटीवर असतात आणि मुलांवर त्यांचा जीव आहे. मात्र मोतीबिंदूमुळे त्यांना फारसे दिसत नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर धाकट्याला सोडता येत नाही, आणि तसे तोंडावर म्हणणेही मला जड जाते.

तर प्रश्न असा की असा दिवस बसवावा कसा? शहरातल्या आयांसाठी लिहिलेली वेळापत्रके मी वाचली आहेत. त्यांत नऊ वाजता चित्रकला, दहा वाजता बागेत फेरी, अकरा वाजता फळांचा नाश्ता असे असते; ते करणाऱ्या घरात स्वयंपाक कोण करते हे मात्र त्यांत लिहिलेले नसते. दोघांच्या झोपा जुळवता येतात का, मोठीला त्या मधल्या वेळात काय द्यावे, आणि मोबाईल कितपत चालेल, एवढे अनुभवी मंडळींनी सांगितले तर बरे होईल. धाकट्याच्या खाण्याबद्दलही थोडी शंका आहे: तो सकाळी पेज आवडीने पितो, पण त्यानंतर दुपारपर्यंत काहीच घेत नाही.

उत्तर: वेंगुर्ल्याची आजी

ताई, मी बालवाडीत शिकवीत असे. आता निवृत्त आहे आणि नातवंडे सांभाळते. तुमचे वेळापत्रकाबद्दलचे म्हणणे मला पटले. ज्या घरात चूल, विहीर, शेत आणि गोठा आहे, तिथे मुलांसाठी वेगळा दिवस आणि घरकामासाठी वेगळा दिवस काढता येत नाही, कारण दिवस एकच असतो. माझ्या मते दिवसाचे दोन-तीन खुंट पक्के रोवावेत, म्हणजे सकाळची पेज, दुपारचे जेवण व त्यापाठोपाठची झोप, आणि दिवेलागण. बाकीचे पावसावर सोडावे. उघडीप मिळाली की हातातले काम ठेवून दोघांना घेऊन बाहेर पडावे, मग घड्याळात काहीही वाजलेले असो. पाऊस काही आपल्या सोयीने थांबत नाही, आणि या दिवसांत अर्ध्या तासाची उघडीप ही मोठी मिळकत आहे.

मोठीबद्दल सांगते. साडेचार वर्षांच्या मुलीला करमणुकीपेक्षा कामाची भूक अधिक असते, आणि ते काम खरे असावे लागते. लसूण सोलणे, कडधान्य निवडणे, फणसाच्या सुकवलेल्या आठळ्यांची साले काढणे, ताटे-वाट्या पुसून लावणे, आंबोशीच्या (सुकवलेल्या कैरीच्या) फोडी मोजून वाडग्यात टाकणे, ही सगळी कामे तिला जमतात. तुमचा हात चालू असताना तिचाही हात शेजारी चालू राहतो. तिने सोललेला लसूण त्याच दिवशी फोडणीत पडला पाहिजे आणि जेवताना ते घरात सांगितलेही गेले पाहिजे. मुलांना खोटे काम लगेच ओळखता येते. नुसते गुंतवण्यासाठी दिलेले काम ती चार मिनिटांत टाकून देतात.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आपल्याच किनारपट्टीवर, डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि पुढे ते काम कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची साधने खेड्यापाड्यांना परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, माती अशा सभोवतालच्या वस्तूंतूनच शिकवण्याची साधने उभी केली, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथेच रुजला. हे इतिहास म्हणून सांगत नाही. तुमच्या घरातही ही साधने पडून आहेत. शिंपल्या, चिंचोके, सागरगोटे, नारळाच्या करवंट्या आणि एक परात भात (साळ) एवढ्यावर मोठीचा एक तास सहज जातो: आधी जातवार वेगळे करायचे, मग लहानमोठे ओळीने लावायचे, मग करवंटीने मापून ओतायचे. पावसाची सर असताना पन्हळीखाली तांब्या लावून तो भरेपर्यंत आकडे मोजायला सांगा. पाण्याचा खेळ मुलांना कधीच पुरे होत नाही.

पेजेबद्दल एवढेच, की उकड्या तांदळाची पेज नुसतीच न देता तिच्यातला भात चांगला घोटून, तुपाचा चमचा घालून द्यावी. पुढचे जाणकार सांगतीलच.

उत्तर: रत्नागिरीचा बालरोगतज्ज्ञ

आजींच्या सूचना उत्तम आहेत. त्यांतल्या एका गोष्टीला मात्र सावधगिरीची जोड द्यावी लागेल. चिंचोके, सागरगोटे आणि आठळ्या या वस्तू साडेचार वर्षांच्या मुलीसाठी योग्य आहेत, पण घरात १६ महिन्यांचे मूल चालते आहे, आणि त्या वयात हाती लागलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान कोणतीही कठीण वस्तू श्वासनलिकेत अडकू शकते. म्हणून हा खेळ धाकटा झोपलेला असतानाच, उंच बाकावर किंवा टेबलावर, मोजून काढलेल्या वस्तूंनी खेळावा आणि मोजूनच परत डब्यात भरावा. अख्खे शेंगदाणे व फुटाणे तर मोठीलाही आणखी वर्षभर देऊ नयेत, कुटून द्यावेत.

आता झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी ११ ते १४ तास, आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. तुमचा मुलगा ज्या वयात आहे, त्यात बहुतेक मुले दिवसातल्या दोन झोपांवरून एका झोपेवर येतात. दहाची झोप हा त्या बदलाचाच भाग आहे आणि ती पुढे सरकवता येते. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे उशीर करत ती साडेबारा-एकपर्यंत आणावी. सुरुवातीचे काही दिवस तो अकराच्या सुमारास पेंगेल. तेव्हा त्याला झोळीत न घालता मागील पडवीत पाण्याच्या परातीपाशी बसवावे किंवा उघडीप असेल तर कडेवर घेऊन फिरवावे, आणि जेवण अर्धा तास आधी, साडेअकराच्या सुमारास द्यावे. दोघे एकाच वेळी झोपू लागले, की पाच ते सातचा त्रास निम्म्याने कमी होईल, कारण तो त्रास मुळात अपुऱ्या झोपेचाच आहे. झोपवताना मात्र दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे: एक वळईत, एक माजघरात. मोठीला झोप आलीच नाही, तरी तासभर पडून राहण्याचा नियम असावा.

मोबाईलबद्दल त्याच सूचनांमध्ये स्पष्ट म्हटले आहे की एक वर्षाच्या मुलासाठी पडदा नकोच, आणि दोन वर्षांनंतर तो दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, कमी असेल तितके चांगले. तेव्हा एकाच पडद्यापुढे दोघांना बसवणे धाकट्याच्या दृष्टीने टाळलेलेच बरे. मोठीला अर्धा तास द्यायचा तर तो धाकटा झोपलेला असताना, तुम्ही शेजारी असताना आणि रोज एकाच वेळी द्यावा; रडल्यावर मिळणारी गोष्ट मुले रडूनच मागायला शिकतात. याच सूचनांत या वयाच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी असेही म्हटले आहे. पावसाळ्यात ती घरातच घडवावी लागते: उशांचा गडगा रचून चढणे-उतरणे, उंबऱ्यावरून उड्या, पोतडीत कपडे भरून ओढणे, झोपाळ्यावर बसण्याऐवजी तो ढकलणे.

खाण्याच्या बाबतीत, पेज पातळ असेल तर तिच्यात पाणीच अधिक असते. पोट भरते आणि ऊर्जा कमी मिळते. त्यामुळे दुपारपर्यंत न खाणे हे पोषण पुरेसे झाल्याचे लक्षण नसून नुसते पोट पाण्याने भरल्याचे असू शकते. आजींनी सांगितल्याप्रमाणे ती दाट करावी, आणि नऊ-साडेनऊला काहीतरी घट्ट द्यावे: तूप घातलेली आटवल (मऊ शिजवलेला भात), उकडलेले अंडे, कुस्करलेले केळे किंवा नाचणीचे सत्त्व. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, जे तांदळाच्या अनेक पट आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि घराघरांत सुकट, सोडे, बांगडे निघतात. ते लहानांना द्यायचे तर गरम पाण्यात भिजवून, पाणी टाकून, मीठ काढूनच द्यावे.

शेवटी, तुम्ही ज्या गोष्टीचा उल्लेख एका वाक्यात केला आहे, ती माझ्या दृष्टीने सर्वांत आधीची आहे. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढा कठडा हा चालत्या मुलासाठी कठडा नाही. त्याला तो छातीपर्यंत येतो आणि वाकून पाहताना डोक्याच्या वजनाने तोल जातो. विहिरीवर जाळी आणि मागील दाराला वरच्या बाजूस कडी, ही दोन कामे बाकी सगळ्याच्या आधी करावीत. न्हाणीघरातली बादलीही भरलेली ठेवू नये, कारण एवढे लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते, आणि बुडताना ते ओरडत नाही. पावसाळ्यात फुरसे (विषारी साप) आणि विंचू कोरड्या जागेच्या शोधात पडवीत, लाकडांच्या राशीत, चपलांत येतात; मुलांच्या चपला, अंथरुणे, सुकवलेले कपडे झटकूनच वापरावेत. विंचू चावला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेत पोहोचलेली मुले वाचतात; पण वेळेत पोहोचणे ही अट आहे.

उत्तर: अलिबागचा बाबा

माझी पत्नी नोकरीनिमित्त सकाळी बाहेर पडते आणि घरून काम करीत दोन मुले मी सांभाळतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. आजींचे म्हणणे तत्त्वतः बरोबर असले, तरी मुलाला कामात सामील करून घेतले की ते काम दुप्पट वेळ खाते, हे कोणी सांगत नाही. मोठीने सोललेल्या लसणाची साले धाकटा उचलतो, ती त्याच्या तोंडातून काढेपर्यंत चुलीवरचे करपते. त्यामुळे आधी स्वयंपाकाचा पसारा कमी करावा लागतो. आम्ही दुपारचे आणि रात्रीचे असे दोन्ही वेळचे कालवण सकाळी साडेसातच्या आत, मुले पुरती जागी होण्यापूर्वी करून ठेवतो आणि ऐन वेळी फक्त भात लावतो. लावणीच्या दिवसांत एक आमटी, भात, पापड आणि लोणचे एवढ्यावर भागले तर कोणाचे बिघडत नाही. आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) बेगमीत सुकवलेले, खारवलेले जिन्नस भरले जातात ते याच दिवसांसाठी. तुमच्या घरी ही तडजोड मान्य होईल का, हे तुम्हीच जाणता. पण पाच ते सातमध्ये तुमचे हात मोकळे असणे हे कोणत्याही खेळण्यापेक्षा मोलाचे आहे.

आता सासऱ्यांविषयी. तुमची अडचण मला समजते, कारण आमच्याकडे वडिलांच्या बाबतीत तोच नाजूक विषय होता. यात दोन वेगळी कामे एकत्र झाली आहेत असे मला वाटते. राखण करणे हे डोळ्यांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडे देता येणार नाही. मुलांना रमवणे हे जिभेचे काम आहे, आणि ते कदाचित घरात सर्वांत उत्तम तेच करू शकतील. तेव्हा धाकट्यावर लक्ष ठेवा असे न सांगता, मोठीला रोज दहा वाजता आजोबांकडे सोपवावे. गावातल्या जुन्या पावसाच्या, गलबतांच्या, देवळाच्या जत्रेच्या गोष्टी सांगणे, पाढे म्हणून घेणे, तिने वर्णन करायचे आणि त्यांनी ओळखायचे असा खेळ खेळणे, हे त्यांना जमेल. मुलगी त्यांचे डोळे होते: पागोळ्या किती जोरात गळतात, खाडीला पाणी किती चढले, वाटेने कोण गेले, हे तिने त्यांना सांगायचे. यात त्यांना कोणी उणे म्हटल्याचा प्रश्न येत नाही, कारण त्यांच्याकडे खरोखर एक जबाबदारी येते. घरात नवा माणूस न आणता तुमचा एक तास सुटतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पावसाळा संपल्यावर करून घेता येईल का, हे यजमानांनी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. तो विषय सुनेने काढण्यापेक्षा मुलाने काढलेला बरा.

संध्याकाळसाठी आमच्याकडे एकच बदल उपयोगी पडला: मुलांची आंघोळ सकाळऐवजी पाच वाजता. पाणी थोडे जास्त, वेळ थोडा जास्त, न्हाणीघरात एक मोठा पाट आणि दोन तांबे. पाणी काढताना आधी गार आणि मग कढत घालावे, आणि मुले आत असताना कढत पाण्याचे भांडे आत नसावे. आंघोळीनंतर खाणे, मग दिवेलागणीला परवचा, आणि साडेसातला जेवण. वीज गेलेली असली तरी यातले काहीच अडत नाही. आमच्या दोघांनी मोबाईल मागणे बंद केले असे म्हणणार नाही, पण मागण्याची वेळ उरली नाही.

उत्तर: राजापूरची सेविका

मी अंगणवाडीत काम करते, म्हणून एवढेच विचारते: व्हाळामुळे मुलगी येत नसेल, तर तुमच्या अंगणवाडीच्या सेविकेला आपण कळवले आहे का? ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत गरम ताजा आहार असतो आणि ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार असतो. म्हणजे आपल्या दोन्ही मुलांची नोंद तिथे असायला हवी. धाकट्याचे वजन दर महिन्याला घेऊन तक्त्यावर मांडून घ्यावे. तो कमी खातो की नाही, याचे उत्तर ताटाकडे पाहून मिळत नाही, तक्त्यावरची रेघ वर जाते आहे की आडवी झाली आहे यावरून मिळते. अंगणवाडीची ही योजना (एकात्मिक बालविकास सेवा योजना) २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, पण अजूनही अनेक घरांत अंगणवाडी म्हणजे केवळ खाऊची जागा असा समज आहे.

दुसरे म्हणजे लावणीचे. वरच्या सर्व उत्तरांत एका घरात एकच बाई आणि तिच्या अंगावर सगळे, हे गृहीत धरलेले आहे. आमच्या वाडीत लावणी एकमेकांच्या शेतावर जाऊन केली जाते: आज तुमच्या कोपऱ्यात (शेताच्या तुकड्यात) आम्ही, उद्या आमच्या कोपऱ्यात तुम्ही. त्याच हिशेबात आम्ही मुलेही धरतो. ज्या घरी मोकळी पडवी आहे आणि विहीर लांब आहे, त्या घरी वाडीतली चार-पाच लहान मुले जमतात आणि एक बाई त्यांच्यापाशी थांबते. तिचा तो दिवस लावणीचा दिवस म्हणूनच मोजला जातो, म्हणजे तिच्या शेतावर दुसऱ्या दिवशी तितकी माणसे येतात. हे सुरू होण्याआधी बायका आपली मुले बांधावर इरल्याखाली बसवून लावणी करीत असत आणि मुले भिजून तापाने पडत. एका मुलाला सांभाळणे आणि चार मुलांना सांभाळणे यांत वाटतो तेवढा फरक नसतो, कारण चौघे एकमेकांना रमवतात. मात्र दोन वर्षांच्या आतले मूल एकाहून अधिक असेल, तर दोन बायका थांबाव्यात.

आपल्या सासूबाई रोज शेतावर जातात, म्हणजे त्यांच्या बरोबरीने जाणाऱ्या बायका असतीलच, आणि त्यांच्याही घरी लहान मुले असतील. आपण घरी राहून दोन मुले सांभाळता, ते काम लावणीच्या हिशेबात आज कोणी धरत नाही. आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडे आणखी दोन-तीन मुले आली आणि दोन दिवस आपली मोठी दुसऱ्या घरी गेली, तर सर्वांचेच भागेल. ही गोष्ट सासूबाईंनीच शेतावर काढावी. त्यांच्या शब्दाला तिथे वजन असेल.

खळ्यातली आई

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंपाशी काल विषय काढला. त्या म्हणाल्या की त्यांच्या काळी असेच होते, मध्यंतरी घरे वेगळी झाली आणि ते मोडले. शेजारच्या दोन घरी त्या स्वतः विचारणार आहेत. सासऱ्यांना मोठीचे पाढे घ्याल का म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी पाढ्यांऐवजी तिथ्या आणि नक्षत्रे शिकवायला घेतली आहेत, आणि मोठी आता म्हातारा पाऊस (पुष्य नक्षत्राचा) कधी लागणार हे दर तासाला विचारते. धाकट्याची झोप सध्या पावणेअकरापर्यंत सरकली आहे. हे दिवस खरोखरच जड जात आहेत. आंघोळ पाच वाजता सुरू केली आहे.

विहिरीची जाळी या रविवारी करायची असे यजमानांनी ठरवले आहे. मात्र रहाट रोज वापरात आहे, आणि पंपाचा पाइपही वरूनच उतरतो. पूर्ण झाकणारी जाळी बसवली तर पाणी कसे काढावे, हे कळत नाही. कोणी तशी करून घेतली असल्यास सांगावे.

अलिबागचा बाबा

आमच्याकडे रहाट आणि पंप दोन्ही आहेत. लोखंडी चौकट विहिरीच्या तोंडाहून चारही बाजूंनी वीतभर मोठी घेऊन कठड्यात पक्की बसवावी आणि जाळी दोन भागांत करावी. एक भाग कायमचा, ज्यात पाइपापुरते भोक राहते. दुसरा रहाटाखालचा, कळशी जाईल एवढा, बिजागऱ्यांवर उघडणारा. त्याची कडी विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी ठेवावी आणि तिला कुलूप लावता येईल असे भोक पाडून घ्यावे. जाळीचे गाळे मुलाचे पाऊल अडकणार नाही इतके बारीक हवेत आणि जाळी मोठ्या माणसाचे वजन पेलणारी हवी, कारण मुले तिच्यावर चढून बसणारच. खारी हवा आहे, तेव्हा रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या लेपाचे) दोन हात देऊन मगच रंग लावावा. वेल्डिंगवाल्याला माप घ्यायला घरी बोलवा. सांगितलेल्या मापावर केलेली चौकट जांभ्याच्या कठड्यावर सहसा बसत नाही. रविवारपर्यंत जाळी तयार झाली नाही, तर तोवर जाड फळ्यांवर चिरे ठेवून तोंड झाका आणि मागील दाराची वरची कडी आजच लावून घ्या.